विद्युतधारेने प्लाझ्मा तापतो कसा, आणि एका टप्प्यानंतर तापत का नाही

विजेच्या शेगडीतील तार लाल होते, इस्त्रीचा तळ तापतो, गिझरमधील पाणी कढत होते. या सर्वांमागे एकच नियम आहे. वाहकातून विद्युतधारा वाहू लागली की वाहकाचा रोध तिला अडवतो आणि त्या अडथळ्यात खर्ची पडलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने प्रकट होते. शालेय पुस्तकात ज्यूलच्या नावाने शिकवला जाणारा हा नियम जगातील बहुतेक अणुसंमीलन यंत्रांच्या मुळाशीही आहे. गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेतील ‘आदित्य’ हे यंत्र असो की दक्षिण फ्रान्समध्ये उभारला जात असलेला ‘ईटर’ हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प असो, प्लाझ्मा तापवण्याचा पहिला टप्पा मुख्यतः विद्युतधारेच्याच भरवशावर पार पडतो.

मात्र शेगडीची तार आणि प्लाझ्मा यांच्या वागणुकीत एक मूलभूत फरक आहे. तार जितकी तापते तितका तिचा रोध वाढतो. प्लाझ्मा जितका तापतो तितका त्याचा रोध घटतो. म्हणजे ज्या अडथळ्यामुळे उष्णता निर्माण होते तो अडथळाच हळूहळू नाहीसा होत जातो. गेल्या अर्धशतकातील संमीलन संशोधनाचे बरेचसे श्रम आणि बराचसा खर्च या एका फरकावर मात करण्यात गेला आहे. भारताने ईटरमध्ये स्वीकारलेल्या काही जबाबदाऱ्यांचा उगमही तेथेच आहे.

प्लाझ्माला मराठी विश्वकोशाने ‘आयनद्रायू’ असा शब्द योजला आहे. द्रव आणि वायू यांच्यासारखा जो वाहतो तो द्रायू, आणि ज्याचे घटक विद्युतभारित आयन आहेत तो आयनद्रायू. शब्द रूढ झाला नाही, पण अर्थ नेमका सांगतो. वायू पुरेसा तापला की त्याच्या अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटे होतात. मागे उरलेले धनभारित आयन आणि मोकळे इलेक्ट्रॉन यांचे मिश्रण तयार होते. वायू वीज वाहून नेत नाही, प्लाझ्मा नेतो. आकाशातील वीज आणि घरातील ट्यूबलाइट ही त्याची परिचित उदाहरणे होत.

दोन हलक्या अणुकेंद्रकांचे मीलन घडवून ऊर्जा मिळवायची तर ती एकमेकांच्या अगदी निकट यावी लागतात. दोन्ही धनभारित असल्याने ती परस्परांना दूर ढकलतात. हे प्रतिकर्षण भेदण्यासाठी त्यांना प्रचंड वेग हवा, आणि वेग म्हणजेच तापमान. सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस तापमानाला हे घडते, कारण तेथे गुरुत्वाकर्षणाने पदार्थ विलक्षण दाबला गेलेला आहे. पृथ्वीवरील यंत्रात तेवढी घनता मिळवता येत नाही. म्हणून ड्युटेरियम आणि ट्रिटियम हे हायड्रोजनचे दोन जड प्रकार वापरूनही तापमान दहा ते पंधरा कोटी अंशांपर्यंत न्यावे लागते. ईटरचे उद्दिष्ट १५ कोटी अंशांचे आहे. या आकड्यांनी वृत्तपत्रांचे मथळे भरतात. परंतु तेथवर पोहोचायचे कसे, हा प्रश्न मथळ्यात मावत नाही.

रोहित्राची दुसरी गुंडाळी

इतक्या उष्ण पदार्थात तार खुपसून वीज सोडणे शक्य नाही. कोणताही धातू त्यात टिकणार नाही आणि धातूच्या स्पर्शाने प्लाझ्माही थंड पडेल. यावरचा उपाय रस्त्याच्या कडेला, ज्याला सर्वसामान्य लोक डीपी म्हणतात, त्या रोहित्रात सापडतो. रोहित्रात तारांच्या दोन गुंडाळ्या असतात. पहिलीतील विद्युतधारा बदलली की तिच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदलते, आणि त्या बदलामुळे दुसरीत, कोणताही थेट संपर्क नसताना, धारा वाहू लागते.

टोकामॅक या यंत्रात नेमके हेच घडते. रबरी टायरच्या आकाराचे एक पोकळ, निर्वात केलेले पात्र असते. त्याच्या मधल्या भोकात उभे नालकुंडल बसवलेले असते. ते रोहित्राची पहिली गुंडाळी. पात्रात अत्यंत विरळ हायड्रोजन किंवा ड्युटेरियम सोडतात. नालकुंडलातील धारा वेगाने बदलली की पात्रातील वायूभोवती वर्तुळाकार विद्युत क्षेत्र निर्माण होते. वायूत आधीपासून असलेले थोडेसे मुक्त इलेक्ट्रॉन त्या क्षेत्रात वेग घेतात, अणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सुटे करतात, आणि काही सहस्रांश सेकंदांत वायूचा प्लाझ्मा होतो. प्लाझ्माचे हे कडे म्हणजे रोहित्राची दुसरी गुंडाळी. तिला एकच वेढा असतो, आणि तो तांब्याचा नसून पेटलेल्या वायूचा असतो.

पुढचे काम टकरींचे. विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉन आणि आयन या दोघांनाही ओढते, पण इलेक्ट्रॉन हजारो पटींनी हलके असल्याने धारा प्रामुख्याने तेच वाहून नेतात. वाटेत ते आयनांच्या जवळून जाताना वळतात, दिशा बदलतात. एका दिशेने मिळवलेला वेग सर्व दिशांना विखुरतो. या विस्कळीत वेगालाच उष्णता म्हणतात. म्हणून आधी इलेक्ट्रॉन तापतात आणि त्यांच्याकडून टकरींद्वारे आयनांना उष्णता मिळते. संमीलन घडवायचे असते ते आयनांचे, आणि उष्णता पोहोचते ती इलेक्ट्रॉनांच्या मध्यस्थीने, ही या पद्धतीची पहिली अडचण आहे.

या धारेकडे केवळ तापवण्याचे काम नाही. टायरभोवती गुंडाळलेल्या मोठ्या कुंडलांचे चुंबकीय क्षेत्र प्लाझ्माला पात्राच्या भिंतीपासून दूर ठेवते. पण ते एकटे पुरे पडत नाही, कण हळूहळू बाहेर सरकतात. प्लाझ्मातील धारेमुळे स्वतःचे एक चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, आणि दोन्ही मिळून बलरेषांना पीळ बसतो. दोरीला जसा पीळ द्यावा तसा. या पिळामुळेच प्लाझ्मा कोंडून राहतो. एकच धारा प्लाझ्मा पेटवते, तापवते आणि कोंडते, अशी ही काटकसर आहे, आणि टोकामॅकच्या लोकप्रियतेचे ते एक मोठे कारण मानता येईल.

प्रत्यक्ष प्रमाण समजण्यासाठी ‘आदित्य’चे उदाहरण घेता येईल. भारतात घडवलेला हा पहिला टोकामॅक १९८९ मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या कड्याची मोठी त्रिज्या ७५ सेंटिमीटर आणि प्लाझ्माच्या नळीची त्रिज्या २५ सेंटिमीटर. म्हणजे सगळा प्लाझ्मा एक घनमीटरच्या आत मावतो. त्यात सुमारे एक लाख अँपिअरची धारा एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढा काळ वाहते. कड्याभोवतीचे विभवांतर दोन व्होल्ट धरले तर उष्णतेचा दर दोन लाख वॅट होतो. घरगुती शंभर गिझर एकाच वेळी चालू केल्याएवढा. तापमान तीस-चाळीस लाख अंशांच्या घरात जाते. पण प्लाझ्मा हवेपेक्षा सुमारे दहा लाखपट विरळ असल्याने त्यात साठलेली एकूण उष्णता ढोबळ हिशेबाने हजार-दोन हजार ज्यूल भरते. तेवढ्यात एक कप चहा दोन-तीन अंशांनी गरम होईल. तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा स्पष्ट करून सांगणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

यातून आणखी एक गोष्ट निघते. शंभर गिझरांची उष्णता सतत ओतली जात असताना साठा मात्र कपभर चहापुरताही होत नाही, याचा अर्थ ओतलेली उष्णता जवळजवळ तत्काळ निसटते. तापवणे आणि राखणे ही संमीलनाची एकाच नाण्याची दोन अंगे आहेत.

रोध हरवतो तेव्हा

धातूत अणू जागेवर बांधलेले असतात. तापमान वाढले की ते अधिक जोराने थरथरतात आणि इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अधिक येतात. म्हणून रोध वाढतो. प्लाझ्मात कोणीच बांधलेले नाही. तेथे इलेक्ट्रॉन जितका वेगवान तितका तो आयनाच्या जवळून लवकर निघून जातो, आणि आयनाच्या आकर्षणाला त्याची दिशा वळवण्यास तितकाच कमी वेळ मिळतो. परिणामी टकरी प्रभावहीन होतात. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील शास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर यांनी १९५०च्या दशकात या रोधाचे गणित मांडले. त्यानुसार तापमान चौपट झाले की प्लाझ्माची रोधकता आठव्या हिश्श्यावर येते. तापमान शंभरपट झाले की हजाराव्या हिश्श्यावर.

सुमारे एक कोटी अंशांना प्लाझ्माची रोधकता तांब्याच्या जवळपास येते. दहा कोटी अंशांना तो तांब्याहून कितीतरी सरस वाहक ठरतो. विजेच्या तारेसाठी हा गुण आदर्श म्हणावा लागेल. शेगडीसाठी मात्र तो दोषच होय. त्याच वेळी उष्णता बाहेर जाण्याचे मार्ग बंद होत नाहीत. इलेक्ट्रॉन वळताना क्ष-किरण उत्सर्जित करतात, प्लाझ्मातील खळबळ उष्णता भिंतीकडे वाहून नेते. मिळकत घटत आणि खर्च कायम, असा हिशेब दोन-तीन कोटी अंशांच्या आसपास बरोबरीत येतो आणि तापमान तेथेच थबकते.

मग धारा आणखी वाढवावी, असे सहज सुचते. त्यालाही मर्यादा आहे. धारा प्रमाणाबाहेर गेली की बलरेषांचा पीळ अति होतो, प्लाझ्माचे कडे वेडेवाकडे वळवळते आणि क्षणार्धात भिंतीवर आदळून विझते. अमेरिकेचे मार्टिन क्रुस्कल आणि सोव्हिएत संघाचे विताली शाफ्रानोव यांनी स्वतंत्रपणे दाखवलेली ही सीमा आजही प्रत्येक टोकामॅकच्या रचनेत पाळावी लागते. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र अधिक शक्तिशाली केले तर ही सीमा वर सरकते. त्या आधारावर, निव्वळ विद्युतधारेच्या बळावर प्लाझ्मा प्रज्वलित करू पाहणाऱ्या ‘इग्निटोर’ या यंत्राचा आराखडा ब्रुनो कोपी यांनी मांडला होता. ते यंत्र उभे राहिले नाही.

विभवांतर वाढवण्यातही धोका आहे. जे इलेक्ट्रॉन आधीच फार वेगवान आहेत त्यांना टकरी रोखू शकत नाहीत. विद्युत क्षेत्र त्यांना आणखी ढकलते, टकरी आणखी कमी होतात, आणि ते प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचतात. अशा ‘पळपुट्या’ इलेक्ट्रॉनांचा झोत भिंतीवर पडला तर धातू वितळतो. मोठ्या यंत्रात प्लाझ्मा अचानक कोसळताना असे झोत तयार होण्याची भीती अधिक असते, आणि ईटरच्या अभियंत्यांपुढील कठीण प्रश्नांत त्याची गणना होते.

दोन घोषणा

या क्षेत्राचा इतिहास आशा आणि सावधगिरी या दोहोंचा आहे. १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी होमी भाभा होते. येत्या दोन दशकांत संमीलनातून नियंत्रित ऊर्जा मिळवण्याची पद्धत सापडेल, असे भाकीत त्यांनी तेथे जाहीरपणे केले. तोवर हे संशोधन लष्करी गुप्ततेत चालले होते.

जानेवारी १९५८ मध्ये ब्रिटनने हार्वेल येथील ‘झीटा’ या यंत्रात संमीलनाच्या खुणा दिसल्याचे घोषित केले. तेही टायरच्या आकाराचे पात्र, तेही रोहित्राच्या तत्त्वावर लाखांच्या घरातील अँपिअर वाहवणारे. यंत्रातून न्यूट्रॉन बाहेर पडत होते, हे खरे होते. पण ते सर्वत्र सारख्या तापलेल्या प्लाझ्मातून येत नसून अस्थिरतेमुळे वेग घेतलेल्या मोजक्या कणांतून येत असल्याचे काही महिन्यांतच निष्पन्न झाले. प्लाझ्मातून धारा जाते म्हणजे प्लाझ्मा तापलाच, असे गृहीत धरता येत नाही, हा धडा ब्रिटिश शास्त्रज्ञांना जगासमोर घ्यावा लागला.

दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, नोव्होसिबिर्स्क येथील परिषदेत लेव आर्त्सिमोविच यांनी मॉस्कोच्या कुर्चातोव संस्थेतील टी-३ या टोकामॅकमध्ये सुमारे एक कोटी अंश तापमान गाठल्याचे सांगितले. टोकामॅकची मूळ कल्पना इगोर ताम आणि आंद्रेई साखारोव यांची. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना आकडा पटेना. पळपुट्या इलेक्ट्रॉनांनी मापनाची दिशाभूल केली असावी, हीच त्यांची शंका होती. तेव्हा आर्त्सिमोविच यांनी ब्रिटनमधील कलहॅम प्रयोगशाळेच्या पथकालाच उपकरणांसह मॉस्कोला बोलावले. शीतयुद्धाच्या ऐन काळात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी लेसरचा किरण सोव्हिएत यंत्रातील प्लाझ्मात सोडला. इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेल्या प्रकाशाचे रंग किती पसरतात, यावरून तापमान थेट मोजता येते. १९६९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि तो सोव्हिएत दाव्याला दुजोरा देणारा होता. त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळा टोकामॅककडे वळल्या. विज्ञानात विश्वास कसा कमवावा याचा हा वस्तुपाठ आजच्या घाईगर्दीच्या घोषणांच्या काळात आवर्जून आठवण्याजोगा आहे. टी-३ मधील ते तापमान प्रामुख्याने विद्युतधारेनेच गाठले होते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

एक कोटीपासून पंधरा कोटींपर्यंतचा पल्ला गाठण्यासाठी मात्र बाहेरून उष्णता पुरवण्याच्या अन्य रीती शोधाव्या लागल्या. पहिली रीत वेगवान अणूंच्या झोताची. आयनांना लाखो व्होल्टनी वेग देतात, मग त्यांचा विद्युतभार काढून घेतात, कारण भारित कण चुंबकीय क्षेत्राच्या तटबंदीतून आत शिरू शकत नाहीत. उदासीन झालेले अणू आत जातात आणि टकरींतून आपली ऊर्जा वाटून टाकतात. १९७८ मध्ये प्रिन्स्टनच्या यंत्रात याच मार्गाने सुमारे सहा कोटी अंश गाठले गेले. दुसरी रीत लहरींची. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन आणि आयन ठरावीक कंप्रतेने घिरट्या घालतात. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का द्यावा त्याप्रमाणे त्याच कंप्रतेच्या लहरी सोडल्या की ते ऊर्जा शोषून घेतात. आयनांसाठी या लहरी एफएम आकाशवाणीपेक्षा काहीशा कमी कंप्रतेच्या असतात. इलेक्ट्रॉनांसाठी कंप्रता सेकंदाला शंभर अब्जांच्या पलीकडे न्यावी लागते आणि त्यासाठी जायरोट्रॉन नावाची खास नळी लागते.

ईटरच्या आकड्यांवरून या रीतींची गरज लख्ख दिसते. त्याच्या प्लाझ्मात दीड कोटी अँपिअर धारा वाहणे अपेक्षित आहे, ‘आदित्य’च्या दीडशेपट. पण प्लाझ्मा पूर्ण तापल्यावर त्याचा रोध इतका क्षीण असेल की कड्याभोवतीचे विभवांतर एका व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याएवढे धरले तरी धारेपासून मिळणारी उष्णता अवघी १५ लाख वॅट, म्हणजे दीड मेगावॅट भरते. बाहेरून पुरवायची उष्णता ५० मेगावॅट आहे. संमीलनातून ५०० मेगावॅट मिळाले तर त्याचा पाचवा हिस्सा, १०० मेगावॅट, हेलियमच्या केंद्रकांच्या रूपाने प्लाझ्मातच राहून त्याला तापवेल. या हिशेबात धारेचा दीड मेगावॅट जवळपास दुर्लक्षणीय ठरतो.

तरीही धारा वगळता येत नाही, कारण प्लाझ्मा कोंडण्याचे काम तिच्याचकडे आहे. येथे रोहित्राची आणखी एक मर्यादा आडवी येते. दुय्यम गुंडाळीत धारा वाहते ती पहिलीतील धारा बदलत असेपर्यंतच. ईटरचे मध्यवर्ती नालकुंडल हजार टन वजनाचे आहे. पण कोणत्याही कुंडलातील धारा अनंतकाळ वाढवत नेता येत नाही. म्हणून ५०० मेगावॅटचा स्पंद सुमारे ४०० सेकंदांचा योजला आहे. वीजकेंद्र असे थांबत-थांबत चालवणे परवडणारे नाही. त्यासाठी लहरी आणि अणुझोत यांच्याकडून तापवण्याबरोबरच धारा वाहती ठेवण्याचे कामही करून घेण्याचे प्रयोग चालू आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्समधील ‘वेस्ट’ या यंत्राने प्लाझ्मा २२ मिनिटांहून अधिक काळ टिकवला, तो याच मार्गाने.

भारताचा सहभाग या टप्प्यावर महत्त्वाचा ठरतो. २००६ मध्ये ईटर करारावर सह्या करणाऱ्या सात सदस्यांपैकी भारत एक आहे. सुमारे ३० मीटर उंच आणि तेवढ्याच रुंदीच्या निर्वात आवरणाचे, म्हणजे क्रायोस्टॅटचे, सुटे भाग गुजरातेतील हजिरा येथे लार्सन अँड टुब्रोने घडवले, ही बातमी बहुतेकांच्या वाचनात आली असेल. आकाराने ते लक्ष वेधून घेते. परंतु आयनांना तापवणाऱ्या रेडिओ लहरींचे स्रोत आणि काही जायरोट्रॉन पुरवण्याची जबाबदारीही करारानुसार भारताकडे आली, तिची चर्चा कमी होते. पोलादी आवरण घडवणे हे अवजड उद्योगाचे कसब आहे. लाखो वॅटच्या लहरी मिनिटामागून मिनिटे अखंड सोडणारा स्रोत घडवणे हे वेगळ्या जातीचे कौशल्य आहे, आणि ते देशात रुजले तर त्याचा उपयोग ईटरपुरता राहणार नाही.

गांधीनगरच्या संस्थेत त्याची पूर्वतयारी अनेक वर्षे चालू आहे. संस्थापक संचालक प्रेधिमान काव यांच्या काळात सुरू झालेल्या कार्यक्रमातून अतिसंवाहक चुंबकांचा एसएसटी-१ हा टोकामॅक उभा राहिला आणि २०१३ मध्ये त्यात पहिला प्लाझ्मा मिळाला. ‘आदित्य’चे नव्या रचनेत रूपांतर होऊन २०१६च्या डिसेंबरात तो ‘आदित्य-यू’ या नावाने पुन्हा सुरू झाला.

धारेवाचून प्लाझ्मा कोंडता येईल का, या प्रश्नाचे उत्तर जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड येथे शोधले जात आहे. तेथील ‘वेंडेलश्टाइन ७-एक्स’ या यंत्रात बलरेषांना पीळ देण्याचे काम विचित्र वळणांच्या कुंडलांकडे सोपवले आहे. प्लाझ्मात रोहित्राने धारा वाहवावी लागत नाही. म्हणून धारेने तापवणेही नाही आणि धारा कोसळण्याची भीतीही नाही. पेटवण्यापासून सारे काम प्रामुख्याने जायरोट्रॉनच्या सूक्ष्मलहरी करतात. या रचनेची मूळ कल्पना १९५१ मध्ये मांडली होती ती प्लाझ्माच्या घटत्या रोधाचे गणित करणाऱ्या लायमन स्पिट्झर यांनीच. कुंडले इतकी क्लिष्ट आहेत की ती अचूक घडवण्यातच अनेक वर्षे खर्ची पडली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये तेथे पहिला प्लाझ्मा पेटला. ईटरच्या २०२४ मध्ये मांडलेल्या सुधारित वेळापत्रकानुसार तेथील संशोधनाला २०३४ मध्ये प्रारंभ होणार आहे.